मातीचे थकलेले वेतन

कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मातीविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांला विद्यापीठाची पदवी नाही. जे थोडेफार वाचले ते पाळी सुटल्यावर आणि सभांच्या मधल्या वेळात. परंतु या कामाने आम्हांला हिशेबाची एक सवय लावली आहे. कोणाकडून किती काम घेतले आणि त्याच्या बदल्यात त्याला काय परत दिले, हा प्रश्न आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे राहून गेली तीस वर्षे विचारीत आलो. तोच प्रश्न शेताच्या बांधावर उभे राहून विचारला तर काय दिसते, हे आज मांडावयाचे आहे.

माती दर हंगामाला काम करते. ज्वारीच्या कणसातून, तुरीच्या दाण्यातून, भाजीच्या जुडीतून ती आपल्या अंगचा अंश देते, आणि त्यातला पुष्कळसा भाग बाजाराच्या वाटेने शहरात येतो. शहर तो खाते, आणि उरलेसुरले नाल्यात, नदीत किंवा कचऱ्याच्या डोंगरावर टाकते. मातीत कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि शेणाचा जो काळसर अंश असतो, ज्याला शास्त्रज्ञ ह्यूमस म्हणतात, तो पाणी धरून ठेवतो, कणांना जोडतो आणि असंख्य सूक्ष्म जीवांना पोसतो. तो दरवर्षी खर्ची पडतो. खर्ची पडलेले परत दिले नाही तर माती काही संप पुकारीत नाही. ती निमूटपणे थकत जाते. आमच्या मते हे थकलेले वेतन आहे, आणि ते कोणी, कसे आणि कोणाच्या पाठीवरून चुकवावयाचे, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

जुन्या शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. प्रत्येक घरामागे उकिरडा होता. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, केरकचरा त्यात पडे आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जाई. कोणत्या पिकामागून कोणते पीक घ्यावे याला ‘बेवड’ हा नेमका शब्द आपल्या भाषेत आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे सांगावयास शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागली नाही. धनगराचा कळप रात्री शेतात बसवून घेत, आणि लेंडी-मुताच्या त्या खताबद्दल धनगराला धान्य देत. म्हणजे मातीला वेतन मिळे आणि ते पोहोचविणाऱ्यालाही मिळे.

ही व्यवस्था कशाने मोडली? एक कारण जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना दाखविले आहे. सरकारच्या जंगल खात्याने गावाची गायराने आणि डोंगर ताब्यात घेतले, त्यामुळे जनावरांना चारा उरला नाही, असा त्यांचा आरोप होता. रानातला पालापाचोळा आणि जीवजंतूंचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर शेतात मुरावा, वाहून जाऊ नये, म्हणून ताली-बंधारे घालावेत आणि त्या कामी सरकारने आपले शिपाई लावावेत, अशी सूचनाही त्यांनी केली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८८९ साली, ब्रिटिश सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करावयास पाठविले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी खोडून काढला आणि शेण का जाळले जाते याचा शोध घेतला. त्यांचे उत्तर सरळ होते: जळण नाही म्हणून शेण जळते, शेतकऱ्याला लाकूड मिळेल अशी सोय करा. फुले आणि व्होल्कर यांची एकमेकांशी गाठ नव्हती, परंतु दोघांची साक्ष एकत्र ठेवली की साखळी पुरी होते. रान बंद झाले, चारा आणि सरपण गेले, शेणाच्या गोवऱ्या झाल्या, आणि मातीच्या वाटणीचे चुलीत गेले. यात अज्ञान नव्हते, गरज होती.

आता आपण इंदूरला जाऊ, कारण मातीचे हे देणे पद्धतशीर चुकविण्याचा या देशातला सर्वांत गाजलेला प्रयोग होळकरांच्या त्या राजधानीत झाला. त्याचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३, इंग्लंडमधील श्रॉपशरच्या एका शेतकऱ्याचे पुत्र. शिक्षण केंब्रिजला. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातल्या. गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढण्याचे पुसातील काम दोघांनी मिळून केले. हॉवर्डांना तेथे ७५ एकर जमीन प्रयोगासाठी मिळाली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांची पिके आपल्या पिकांपेक्षा निरोगी का, हे पाहता पाहता त्यांनी त्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. साहेबी नोकरीतल्या माणसाने असे जाहीर लिहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुसाच्या कारभारात प्रत्येक शास्त्राचे खाते वेगळे होते. बुरशीवाला बुरशी पाही, किडीवाला कीड पाही, आणि सबंध पीक, सबंध शेत कोणीच पाहत नसे. याला कंटाळून हॉवर्ड दांपत्याने नवी संस्था मागितली, आणि १९२४ साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. इंदूर दरबारने सुमारे ३०० एकर जमीन दिली, मध्य भारतातील संस्थानांनी वर्गणी दिली, आणि मोठा वाटा उचलला तो इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने. या कमिटीचा पैसा येई कापसावरच्या पट्टीतून. गिरणीत जाणाऱ्या आणि परदेशी रवाना होणाऱ्या कापसावर ही पट्टी १९२३ च्या कायद्याने बसविली होती. ज्या कापसावर मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत, त्याच कापसाच्या काळ्या मातीसाठी हा लहानसा वाटा परत जात होता. गिरणी कामगारांच्या इतिहासात हे कोठे नमूद नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

इंदूरची कृती थोडक्यात अशी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उतरत्या बाजूंचा खड्डा घ्यावयाचा. शेतातला सर्व प्रकारचा काडीकचरा, तण, पाने साठवावयाची. कापसाच्या पऱ्हाटीसारखे टणक पदार्थ शेतातल्या गाडीवाटेवर पसरावयाचे, म्हणजे चाकांखाली आणि खुरांखाली चिरडून ते मऊ होतात. मग खड्ड्यात थर लावावयाचे: काडीकचरा, गोठ्यातले मुताने भिजलेले अंथरूण, शेणकाला, गोठ्याच्या जमिनीची मुतमाती आणि राख. वनस्पतींचा भाग साधारण तीन, जनावरांचा भाग एक. वर पाणी शिंपडावयाचे. पंधरवड्याने एकदा उलथावयाचे, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा, म्हणजे आत हवा खेळते आणि प्रथम बुरशी, मग जिवाणू आपापले काम करतात. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार होते. संस्थेत ४० बैल होते आणि वर्षाला सुमारे १००० गाड्या खत निघे. म्हणजे बैलजोडीमागे ५० गाड्या. उघड्यावर वाळणाऱ्या उकिरड्याच्या मानाने हा हिशेब फार पुढचा होता.

या कृतीचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. त्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. कोणत्या थरात कार्बन किती, नायट्रोजन किती, कुजताना त्यांचे प्रमाण तेहतिसास एक वरून दहास एक वर कसे येते, ही सारी मोजदाद त्या ग्रंथाचा कणा आहे. पुढे हॉवर्डांचे नाव जगभर झाले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १९४० चा त्यांचा ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ सेंद्रिय शेतीवाल्यांचा आधार झाला. वाडांचे नाव मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ज्यांनी खड्डे भरले, पाणी शिंपडले, ढीग तीन तीन वेळा उलथले, त्यांची नावे तर त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येण्याचा प्रश्नच नव्हता. एक गोष्ट मात्र हॉवर्डांच्या पदरी घातली पाहिजे. शेत सुधारावयाचे तर मजूर समाधानी हवा, हे ते जाणून होते. मजुरी नियमित आणि थेट हातात, कामाचे तास मर्यादित, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय, या बाबींचा विचार त्यांनी शेतीशास्त्राचाच भाग म्हणून केला. माती आणि मजूर या दोघांनाही पुरते वेतन द्यावे, ही त्या संस्थेची शिकवण आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

मग ही कृती घरोघर का गेली नाही? १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि ‘हरिजन’ पत्रातून या खताची माहिती दिली गेली. मळेवाल्यांनी, चहा-कॉफीच्या बागायतदारांनी ती उचलली. लहान शेतकरी मागेच राहिला. व्याख्याने देणारे म्हणतात, शेतकरी आळशी आहे. आम्हांला हे पटत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, ४० बैलांच्या गोठ्याचा हिशेब एका जोडीच्या माणसाला लागू पडत नाही, आणि जोडीही नसलेल्याला तर मुळीच नाही. दुसरी, या कृतीला पाणी आणि हात लागतात. कोरडवाहू गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी बायका डोक्यावरून आणतात. खड्ड्यावर कोण शिंपडणार? आणि जेव्हा खड्डा उलथावयाचा, तेव्हा घरची माणसे दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेलेली असतात, कारण पीठ-मीठ त्यावर येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चांगले खत एका पावसाळ्यात संपत नाही; त्याचा गुण पुढे दोन-तीन वर्षे पुरतो. जो कूळ आहे, ज्याला पुढल्या वर्षी तेच शेत मिळेल याची खात्री नाही, त्याने दुसऱ्याच्या मातीत आपली तीन वर्षांची मेहनत का पुरावी? मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून अनेक कुळे मालक झाली. आम्ही त्या कायद्याला मातीच्या आरोग्याचाही कायदा मानतो. पण पुढे वाटण्या होत गेल्या. महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर बैल पोसणे जड जाते, म्हणून बैल गेले. बैलांबरोबर शेण गेले.

त्या जागी पोते आले. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची कृती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली आणि १९१३ पासून तेथे तिचा कारखाना चालू झाला. आपल्याकडे सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ साली उत्पादन करू लागला, तुर्भ्याचा १९६५ साली. हॉवर्ड रासायनिक खताचे कडवे विरोधक होते आणि पिकांचे व जनावरांचे जवळजवळ सर्व रोग त्याच्या माथी मारीत. त्यांचा तो दावा पुराव्याने पुरता सिद्ध झालेला नाही, आणि भक्तांनी तो डोळे मिटून स्वीकारू नये. १९६५ आणि १९६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या जहाजातून येणाऱ्या गव्हावर हा देश जगत होता. त्यातून बाहेर पडावयास नवी बियाणी, पाणी आणि खताची पोती यांनी मदत केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पोते पिकाला जेवू घालते. मातीची झीज ते एकट्याने भरून काढीत नाही. कामगाराला दर शनिवारी उचल द्यावी आणि भविष्यनिर्वाह निधी मात्र भरूच नये, तसा हा प्रकार. उचल मिळते तोवर घर चालते, पण शक्ती सरते तेव्हा गाठीला काही नसते. केंद्र सरकारने २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या. तिच्यात सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. तेथे शेकडा अर्ध्याच्या खाली आकडा आला की जमीन कमी प्रतीची समजावी. कित्येक कोरडवाहू शेतांच्या पत्रिकांवर आम्ही हा आकडा अर्ध्याच्या खाली पाहिला आहे. ते थकबाकीचे पत्रकच होय.

आता शहराकडे वळू, कारण थकबाकीचा मोठा ऋणको तेथे बसला आहे. मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे सोनखत भोवतालचे ऊसवाले शेतकरी विकत घेत. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहरातला कचरा आणि मैला यांचे थर लावून, न उलथता खत करण्याची रीत बसविली, आणि पुढे अनेक नगरपालिकांनी ती उचलली. हिशेबाच्या वहीत हे सारे उत्तम दिसते: शहराने घेतले, शहराने परत दिले.

पण वहीत एक रकाना कोरा आहे. तो मैला डोक्यावरून वाहिला कोणी? एका जातीच्या माणसांनी, पिढ्यान् पिढ्या, गळक्या पाट्यांतून. सोने मातीला मिळाले, आणि ते पोहोचविणाऱ्याला अस्पृश्यता मिळाली. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करविली. डोक्यावरून मैला वाहण्यावर कायद्याने बंदी घालावयास १९९३ उजाडावे लागले, आणि तो कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. तरीही गटारांत उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पूर्वी सारे कसे निसर्गाला धरून होते, असे कोणी गहिवरून सांगू लागला की आम्हांला हा कोरा रकाना आठवतो. मातीचे वेतन माणसाचे वेतन कापून चुकविलेले असेल, तर ते चुकते झाले असे आम्ही मानणार नाही.

यातून वाट आहे हे कोकणात एका माणसाने दाखवून दिले. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे भंगीकाम आपल्याला करू द्यावे यासाठी त्यांनी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खताचे संडास बसविले: मैला तेथल्या तेथे पाला-मातीखाली कुजावा, त्याला कोणाचा हात लागू नये, आणि तयार झालेले खत शेतात जावे. हॉवर्ड-वाड यांनी मातीचा हिशेब पुरा केला होता. अप्पासाहेबांनी त्यात माणसाचा रकाना भरला. आमच्या समजुतीने या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावाचून जमिनीच्या आरोग्याचा विचार पुरा होत नाही.

ज्या इंदुरात १९२४ साली हे काम सुरू झाले, तेथेच २०२२ साली शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याचा, रोज ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. तो उभा राहू शकला, कारण इंदूरच्या घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा दिला जाऊ लागला. देशभरच्या नगरपालिकांना असे वेगळे करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले, आणि त्याच वर्षी शहरी खताच्या विक्रीला टनामागे १५०० रुपये साहाय्य देण्याचे केंद्राने ठरविले. नियम पुष्कळ झाले. ते कोठे अडतात, याचे एक उदाहरण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या खतडेपोत आम्ही सफाई कामगारांच्या सभेसाठी गेलो होतो. तेथे एक वयस्कर शेतकरी खताचे पोते परत घेऊन आला. त्याने मूठभर खत तळहातावर पसरले. खत काळे, चांगले होते; पण त्यात बांगडीच्या आणि बाटलीच्या काचा चमकत होत्या. तो म्हणाला, “दादा, फुकट दिलंत तरी नको. माझ्या रानात बाया अनवाणी निंदतात.” चाळणीवर बसलेल्या कामगार बाईने आपला हात पुढे केला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या पोत्यात गेली ती सुटलेली काच. हातात शिरली ती इथंच राहिली.” दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. भांडण असे झालेच नाही. ती काच ज्या घरातून आली होती, त्या घरातला कोणी तेथे उभा नव्हता.

श्रोतेहो, आपण सारे त्या घरांतले आहोत. म्हणून शेवटी शेतकऱ्याला उपदेश करण्याऐवजी आम्ही आपल्याकडेच काही मागतो. कचरा देताना ओला वेगळा द्यावा, आणि त्यात काच, सुई, औषधाची पाकिटे असू नयेत. एवढ्याने एका बाईचा हात आणि एका शेताची माती दोन्ही वाचतात. आपल्या नगरपालिकेला दरवर्षी विचारावे की किती खत झाले, ते किती शेतांवर गेले, आणि ते करणाऱ्यांना हातमोजे, बूट, पुरते वेतन आणि कायम नोकरी मिळाली की नाही. शेतकरी ताग, धैंचा पेरून गाडतो, बांधावर गिरिपुष्प लावतो, बंधाऱ्यातला गाळ रानात पसरतो, तेव्हा त्या हंगामाचे उत्पन्न आणि आपली मजुरी तो मातीत घालीत असतो. त्या मेहनतीला रोजगार हमीच्या मजुरीचा आधार मिळावा, या मागणीत आपण त्याच्या बाजूने उभे राहावे. युरियाच्या पोत्यावर सरकार वर्षानुवर्षे पैसा खर्च करीत आले आहे. खड्डा उलथणाऱ्या हातांवर त्यातला काही खर्च झाला तर तो वाया जाणार नाही.

पऱ्हाटी गाडीवाटेवर टाकून चिरडण्याची युक्ती इंदूरला सुचली ती कोणा एकाच्या डोक्यातून नव्हे. रोज त्या वाटेने गाडी हाकणारे, बैल राखणारे आणि पृथक्करण करणारे एकत्र नांदत होते म्हणून ती तेथे रुजली. ज्ञान आहे, आणि ते शंभर वर्षांचे जुने आहे. थकले आहे ते वेतन. ते चुकविण्याची सुरुवात आज रात्री स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या दोन डब्यांपासून करता येईल, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.